निळ्या बाटलीतलं शेवाळाचं औषध

सोलापुरात समुद्री माशांची, खाऱ्या पाण्याची टाकी घरी ठेवणारे आपण मोजकेच आहोत. सामान, मीठ, सल्ला सगळं त्याच दोन-तीन माणसांकडून येतं, आणि त्यांच्यावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नसतं. मी तो विश्वास ठेवला. माझ्याशी जे घडलं ते तुमच्याकडे घडू नये म्हणून सगळं तपशिलात लिहिते आहे. त्या माणसाचं नाव देत नाही, पण त्याची पद्धत ओळखून ठेवा.

आमची टाकी २५० लिटरची, जुळे सोलापुरात, हॉलच्या उत्तरेकडच्या भिंतीला. कठीण प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात, म्हणून मी फक्त मऊ प्रवाळ ठेवले होते: झोआ, मशरूम आणि एक लेदर. शिवाय क्लाउन माशांची जोडी, दोन क्लीनर श्रिंप (कोळंबीसारखे) आणि सहा टर्बो गोगलगायी. नळाला उजनीचं पाणी चार-चार दिवसांनी यायचं, बोअरचं पाणी जड. त्यामुळे टाकी बसवून देणाऱ्याच माणसाकडून मी पाण्याचे जार घेत होते. ‘आरओ-डीआय’, म्हणजे सगळे क्षार काढून टाकलेलं पाणी, म्हणून २० लिटरचा जार तो १२० रुपयांना द्यायचा. पिण्याच्या जारपेक्षा कितीतरी महाग, पण माशांसाठी म्हणून मी कधी घासाघीस केली नाही.

फेब्रुवारीत खडकांवर केसांसारखं हिरवं शेवाळ धरलं. मार्चअखेर ते बोटभर लांब झालं आणि झोआंच्या तोंडावर पसरायला लागलं. मी त्याला बोलावलं. त्याने माझ्यासमोर पाण्यातलं नायट्रेट आणि फॉस्फेट, म्हणजे शेवाळाचं खत, तपासलं. दोन्ही शून्य. मग म्हणाला, “ताई, पाणी काचेसारखं आहे तुमचं. खायला काही नसताना शेवाळ वाढतंय, म्हणजे हा रोग आहे. याला औषधच लागतं.”

इथेच मी फसले. शेवाळाचं रान माजलेलं असतं तेव्हा पाण्यात पडणारं खत ते लगेच ओढून घेतं. टेस्टमध्ये दिसतं ते फक्त उरलेलं. खडकांवर मूठमूठ शेवाळ आणि टेस्टमध्ये शून्य, याचा अर्थ पाणी स्वच्छ आहे असा होत नाही. उलट कुठून तरी रोज खत येतंय आणि रोज संपतंय, असा होतो. हे मला तेव्हा माहीत असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

औषध म्हणजे २०० मिलीची बाटली, ३५०० रुपये. आत निळं पाणी. वर माशाचं चित्र असलेला स्टिकर. घटक नाहीत, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, बॅच नंबर नाही. “बाहेरून येतं, प्रवाळाला काही होत नाही,” असं तो म्हणाला. बिल मागितलं तर “नंतर देतो”. पैसे मात्र यूपीआयने घेतले. संध्याकाळी २० मिली, दुसऱ्या दिवशी पुन्हा २० मिली, असं त्याने सांगितलं आणि मी तसंच टाकलं.

तिसऱ्या दिवशी शेवाळ पांढरं पडायला लागलं. मला इतका आनंद झाला की मी त्याला फोटो पाठवला. त्याच रात्री एक श्रिंप आडवा पडलेला दिसला. सकाळी दुसरा गेला. गोगलगायी काचेवरून सुटून वाळूत उलट्या पडल्या होत्या, हात लावला तरी आत ओढून घेत नव्हत्या. झोआ मिटले ते मिटलेच. खडकातले बारीक किडे मेले, अमोनिया चढला. फक्त क्लाउन पोहत होते. फोनवर त्याचं उत्तर तयार होतं: “टाकीत आधीच रोग पसरला होता, ताई. उशीर केलात.”

चार दिवसांनी सांगोल्याहून भाऊजी आले. त्यांची डाळिंबाची बाग आहे. टेबलावरची बाटली त्यांनी उजेडात धरली आणि म्हणाले, “वहिनी, हे मोरचूद आहे की.” मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, तांब्याचा निळा क्षार. मी म्हटलं, परदेशी औषध आहे. त्यांनी एक लोखंडी खिळा मागितला, पॉलिश पेपरने घासून चकचकीत केला आणि झाकणात ओतलेल्या त्या पाण्यात बुडवला. पाचेक मिनिटांत खिळ्यावर तांबूस थर चढला. डाळिंबावरच्या तेल्या रोगासाठी फवारायला बोर्डो मिश्रण करतात, १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना, तेव्हा चुना पुरेसा पडला की नाही ते शेतकरी याच खिळ्याने बघतात. चुना कमी असेल तर लोखंडावर तांबं बसतं.

तांबं शेवाळाला मारतं, पण श्रिंप, गोगलगायी आणि प्रवाळही त्यानेच मरतात. माशांना त्यातलं बरंच सोसतं. अंगावरच्या परजीवींसाठी वेगळ्या टाकीत माशांना मोजून तांबं देतातही. म्हणून क्लाउन वाचले. मी तांब्याचा टेस्ट किट मागवला. रीडिंग लिटरला ०.३ मिलिग्रॅम आलं. निम्मं पाणी तीनदा बदललं, कार्बन आणि तांबं शोषणारं रेझिन लावलं. पण तांबं चुनखडीच्या खडकात आणि वाळूत जाऊन बसतं आणि हळूहळू परत सुटत राहतं. शेवटी सगळे खडक आणि वाळू काढून टाकली. दोन वर्षांत जमवलेले होते ते.

मग मला जारची शंका आली. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर काही शे रुपयांना मिळतो. आरओ-डीआयच्या पाण्यात शून्य यायला हवं होतं, आलं १४८. नायट्रेट लिटरला २० मिलिग्रॅम. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, पंखे लावलेल्या टाकीतून रोज सात लिटर पाणी उडतं. उडतं ते निव्वळ पाणी. नायट्रेट, फॉस्फेट मागे राहतं. ती घट मी रोज त्याच जारने भरत होते. सात लिटरमागे १४० मिलिग्रॅम, महिन्याला ४२०० मिलिग्रॅम. म्हणजे टाकीत लिटरमागे जवळपास १७ मिलिग्रॅम नायट्रेट दर महिन्याला मी स्वतःच्या हाताने ओतत होते. शेवाळाला खायला घालणारं पाणी त्याचंच आणि ते मारणारी बाटलीही त्याचीच.

आता घरी डीआयसकट आरओ बसवला आहे. दिवे ११ तासांवरून ७ तासांवर आणले. नव्या खडकांवर थोडं शेवाळ आलं, ते टूथब्रशने घासून नळीने ओढून काढते. कमी व्हायला दोन-अडीच महिने लागले. तांब्याचं रीडिंग सलग सहा आठवडे शून्य आल्यावरच दोन गोगलगायी सोडल्या. त्या जगल्या आहेत.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली आहे. बिल नसल्यामुळे यूपीआयची नोंद, स्टिकरचे फोटो आणि त्याचे मेसेज जोडले. उरलेली बाटली सील करून खिळ्यासह ठेवली आहे. तुम्ही त्याच्याकडून काही घेतलं असेल तर बाटली फेकू नका, मेसेज पुसू नका.

त्याच्याकडून जार घेणारी आणखी दोन घरं मला माहीत आहेत. गेल्या रविवारी मीटर घेऊन दोन्हीकडे गेले. एका घरी १६२ आलं, दुसऱ्या घरी १३९. दुसऱ्या घरच्या कपाटात तीच निळी बाटली होती, अजून न उघडलेली.