एमआयडीवरचं अ‍ॅव्हरेज कितपत खरं? मोठे टायर आणि सीएनजी किटसह काही महिन्यांच्या वापरानंतर

गाडी १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक. कंपनीचे टायर १६५/८० आर१४ होते, आता १५ इंची अलॉयवर १९५/६५ आर१५ आहेत. सिक्वेन्शियल सीएनजी किट बाहेरून बसवलेलं, आरसीवर नोंद करून. वापर बहुतेक संभाजीनगर, बीड, धाराशिव असा ५२ नंबरच्या हायवेवर, थोडा शहरातला. पिकअप, सस्पेन्शन वगैरेवर इथं लिहीत नाही. लिहायचंय ते एमआयडीवर, म्हणजे मीटरमधल्या छोट्या स्क्रीनवर, दिसणाऱ्या अ‍ॅव्हरेजबद्दल. गाडीत काहीही बदललं की लोक फोटो त्याच आकड्याचा पाठवतात, आणि किटवाल्याला शाबासकी द्यायची की शिव्या हेही त्याच्यावरच ठरतं.

निकाल आधीच सांगतो. पेट्रोलवर आकडा खऱ्यापेक्षा थोडा कमी येतो आणि तो दुरुस्त करून वापरता येतो. सीएनजीवर तो बघायचाच सोडून द्यावा.

टाकीतून किती तेल गेलं हे गाडीत कुणीच मोजत नाही. ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, प्रत्येक इंजेक्टर (इंजिनात तेल फवारणारी तोटी) किती मिलिसेकंद उघडा ठेवला हे धरतो. तेवढ्या वेळात तेवढ्या दाबाला किती तेल सुटतं, हा आकडा कंपनीनं आत भरून ठेवलेला असतो. दोन्हींचा गुणाकार म्हणजे लिटर. किलोमीटर येतात चाकाच्या फेऱ्यांवरून, आणि एका फेरीला गाडी किती पुढं जाते हा आकडाही कंपनीचाच. तुम्ही टायर बदला, इंजेक्टर बदला, नाहीतर मधे कुठलाही डबा लावा, हे भरलेले आकडे जागचे हलत नाहीत.

टायरचा हिशेब सोपा आहे. साइझमधला पहिला आकडा रुंदी मिमीत, दुसरा रुंदीच्या किती टक्के उंची, आणि आर पुढचा रिमचा व्यास इंचात. १६५/८० आर१४ चा व्यास ६१९.६ मिमी. १८५/६५ आर१५ चा ६२१.५ मिमी, म्हणजे फरक जेमतेम ०.३ टक्के. एकाच मॉडेलच्या खालच्या आणि वरच्या व्हेरिएंटला हे दोन साइझ येतात ते याच कारणानं. १९५/६५ आर१५ मात्र ६३४.५ मिमी भरतो, मूळ टायरपेक्षा २.४ टक्के मोठा. चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं, मीटरला ते कळत नाही. त्यामुळं खरे ५० किलोमीटर झाले की ट्रिपवर सुमारे ४८.८ दिसतात, आणि अ‍ॅव्हरेजही तेवढंच कमी दिसतं. ‘मोठे टायर टाकले आणि अ‍ॅव्हरेज पडलं’ ही तक्रार गॅरेजमध्ये रोज ऐकू येते. त्यातला काही भाग खरा असतो, कारण रुंद आणि जड चाक ओढायला तेल लागतंच. पण काही भाग नुसता मीटरचा असतो.

‘एमआयडी खोटं बोलतं, टाकी फुल करून हिशेब काढा’ हा सल्ला सगळेच देतात. टाकी फुल करून लिटर खरे मिळतात हे कबूल, पण भागायचे किलोमीटर येतात त्याच ओडोमीटरवरून, जो टायरमुळं आधीच चुकलाय. ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला लावायचं ब्लूटूथ यंत्र) लावून मोबाइलवर बघितलं तरी तेच, कारण अ‍ॅपला स्पीड ईसीयूच देतो. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये स्पीड जीपीएसवरून घ्यायचा पर्याय असेल तर तो निवडा. डिझेल गाडीत हवेच्या मापावरून तेल काढणारं अ‍ॅप तर बळंच आहे. डिझेल इंजिनात हवा आणि तेलाचं प्रमाण ठरलेलं नसतं.

म्हणून आधी किलोमीटर तपासायचे. हायवेवर सपाट, सरळ पट्टा धरा. एका किलोमीटरच्या दगडापाशी ट्रिप शून्य करा आणि ५० दगड मोजून पुन्हा दगडापाशीच थांबून आकडा बघा. ट्रिप ०.१ किलोमीटरपर्यंतच दाखवतं, त्यामुळं १० किलोमीटरवर ही तपासणी करून उपयोग नाही. शहराचा नवा बायपास झालाय तिथं दगडांचे आकडे उडी मारतात, तेवढा भाग टाळा. टायरची हवा आधी थंड टायरवर बरोबर करून घ्या. दगडांवर भरवसा नसेल तर जीपीएसचं अंतर धरा, फक्त ते घाटात नको. आणि ही तपासणी एकदाच करून भागत नाही. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिमी असते, १.६ मिमीला टायर काढायचा. एवढा झिजेपर्यंत मोठ्या टायरनं मिळवलेला फरक बराचसा परत जातो.

आता सीएनजी. सिक्वेन्शियल किटमध्ये पेट्रोलचा ईसीयू आपल्या पद्धतीनं पेट्रोल इंजेक्टरला पल्स, म्हणजे उघडायचा विजेचा इशारा, पाठवत राहतो. गॅसचा ईसीयू ती मधेच पकडतो, तिला गुणक लावतो आणि गॅस इंजेक्टर उघडतो. पेट्रोल ईसीयूला वाटतं की पेट्रोल जातंय, म्हणून मीटरवर किलोमीटर प्रति लिटर दिसत राहतं, गाडीत लिटरभर पेट्रोल जळालेलं नसताना! काही गाड्यांत तर रेंजही (उरलेल्या पेट्रोलवर किती किलोमीटर जाईल तो आकडा) घसरत जाते, पेट्रोलचा काटा जागेवर असताना, आणि गाडी बंद करून चालू केली की पुन्हा वर जाते. मीटर बिघडलं म्हणून कुणी मीटर खोलायला देऊ नये. कंपनीनंच सीएनजी दिलेल्या गाडीत मीटर वेगळं असतं आणि किलोमीटर प्रति किलो दाखवतं, तिची आणि या गाडीची तुलना करू नका.

यात एक मेख आहे. किटवाल्यानं गुणक वाढवला की गॅस जास्त जातो, सायलेन्सरच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर ‘मिश्रण रिच आहे’, म्हणजे हवेच्या मानानं इंधन जास्त आहे, असं सांगतो, मग पेट्रोल ईसीयू पल्स छोटी करतो. शेवटी गॅस जवळपास तेवढाच जळतो, पण पल्स छोटी झाल्यामुळं मीटरवरचं अ‍ॅव्हरेज वाढतं. म्हणजे लॅपटॉप जोडून पाच मिनिटांत तुम्हाला खूश करता येतं. वर गाडी परत पेट्रोलवर घेतली की ईसीयूनं शिकलेली कपात तशीच राहते आणि गाडी अडखळते. गॅसवर चालताना पी०१७२ हा ईसीयूचा बिघाड कोड (मिश्रण फार रिच) आला तर संशय इथंच घ्या. उलट गुणक कमी पडला की पी०१७१ (इंधन कमी) येतो आणि मीटर अ‍ॅव्हरेज कमी दाखवतं. ट्यूनिंग बरोबर आहे का हे बघायची रीत अशी: इंजिन पूर्ण गरम, २,५०० आरपीएम धरून ठेवा, पेट्रोलवरचा इंजेक्शनचा वेळ वाचा, मग गॅसवर टाका. वेळ जवळपास तोच राहिला पाहिजे. ट्यूनिंग झाल्यावर हे समोर उभं राहून करून घ्या, नुसत्या ‘सेट केलंय’वर जाऊ नका.

सीएनजीचं खरं अ‍ॅव्हरेज पावतीवरच्या किलोंवरून काढावं लागतं, आणि एका फुलवर काढलं तर फसगत होते. कधी २०० बार भरतो, कधी १८०, म्हणजे १० टक्के फरक तिथंच पडला. उन्हाळ्यात गरम सिलिंडरमध्ये तेवढ्याच दाबाला वजनानं गॅस कमी बसतो. पाच-सहा पावत्यांचे किलो एकत्र करा आणि सुरुवातीला व शेवटी काटा एकाच दाबावर असू द्या. सकाळी गाडी पेट्रोलवर चालू होऊन रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) गरम झाल्यावर गॅसवर जाते. छोट्या-छोट्या फेऱ्या असतील तर तेवढं पेट्रोलही हिशेबात धरा.

डिझेलवाल्यांसाठी थोडं. आपल्याकडं एसयूव्हीला ताकद वाढवायला ट्यूनिंग बॉक्स लावायचं वेड आहे. स्वस्तातले बरेच बॉक्स रेल प्रेशर सेन्सरचा (इंजेक्टरकडं जाणाऱ्या डिझेलचा दाब मोजणारा) सिग्नल कमी करून ईसीयूला देतात. ईसीयू दाब वाढवतो, पण हिशेब जुन्याच दाबावर करतो. दाब १० टक्के वाढला तर इंजेक्टरमधून जवळपास ५ टक्के तेल जास्त सुटतं, ते मीटरला कळत नाही. ‘बॉक्सनं अ‍ॅव्हरेज वाढलं’ त्यामागं बऱ्याचदा एवढंच असतं. रिमॅपमध्ये, म्हणजे ईसीयूमधलेच आकडे बदलताना, ट्यूनरनं इंजेक्शन किती वेळ चालायचं हा मॅप वाढवला असेल तर तिथंही मीटर असंच फसतं.

गंमत दोन्ही एकत्र आल्यावर होते. समजा २१५/७५ आर१५ च्या जागी २३५/७५ आर१५ टाकले, टायर ४.३ टक्के मोठा, आणि वर हा बॉक्स. खरे ६०० किलोमीटर, खरं डिझेल ५० लिटर, अ‍ॅव्हरेज १२. ओडोमीटर दाखवणार साधारण ५७५, म्हणून टाकी फुलचा हिशेब येतो ११.५. मीटर मात्र दोन्ही चुका करून १२.१ दाखवणार. इथं मीटर योगायोगानं बरोबर आणि वहीतला हिशेब चूक.

दुरुस्ती करून मिळते का? फोक्सवॅगन-स्कोडाच्या बऱ्याच गाड्यांत डायग्नोस्टिक केबलनं अ‍ॅव्हरेजचा आकडा ८५ ते ११५ टक्क्यांत सरकवता येतो. बाकीच्यांनी सरळ गुणायचं. टायरसाठी आमच्या गाडीत मीटरचा आकडा गुणिले १.०२४, फक्त पेट्रोलवर चालताना. लिटरची बाजू तपासायला एकच पंप, तेच नोझल, पहिल्या ऑटो कटला थांबायचं, वर ‘राउंड फिगर’ करायला लावायचं नाही, आणि तीन-चार टाक्यांची बेरीज. पंपाच्या मापावरच शंका असेल तर ५ लिटरचं माप प्रत्येक पंपावर असतं. ते मागायचा हक्क गिऱ्हाइकाचा आहे, आणि ५ लिटरला २५ मिलीपर्यंतचा फरक चालतो. टायर बदलला, किट पुन्हा ट्यून केलं किंवा बॉक्स काढला की दोन्ही बाजू नव्यानं तपासायच्या, जुना गुणक लावून चालणार नाही.