ब्लास्केट सेंटर, डून खीन: आधी हे बघा, मग बेटावर जा

आयर्लंडच्या केरी काउंटीत, डिंगल द्वीपकल्पाच्या पार पश्चिमेला डून खीन आहे. गाव आयरिश बोलणारं, घरं विखुरलेली. समोर दोनेक किलोमीटरवर ग्रेट ब्लास्केट बेट. १९१६ मध्ये तिथे १७६ माणसं होती. १९५३ साली उरलेल्या २२ जणांना सरकारने किनाऱ्यावर आणलं. तरणी पोरं निघून गेली होती, आणि समुद्र खवळला की डॉक्टरही पोचत नसे.

हे सगळं डून खीनच्या ब्लास्केट सेंटर या संग्रहालयात नीट मांडलंय. एवढ्याशा बेटाने आयरिश भाषेला लेखक कसे दिले, हा भाग सर्वांत सरस. इमारतीतला लांब बोळ थेट समुद्राकडे जातो आणि शेवटच्या मोठ्या काचेत बेटच समोर येतं. दीड-दोन तास हाताशी ठेवा. मजकूर भरपूर आहे, लहान मुलं कंटाळतील. हिवाळ्यात बंद असतं. हे न बघता बेटावर गेलात, तर तिथे फक्त पडक्या भिंती दिसतील.

गाडी डिंगलहून व्हेन्ट्री, स्ली हेड अशी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच न्या. मोठ्या बस तशाच फिरतात. उलटे गेलात तर कड्यावरच्या अरुंद वळणावर बस समोर येते आणि गाडी मागे घ्यावी लागते. डावीकडून चालवायची सवय आपल्याला असतेच, पण दगडी कुंपणं अगदी रस्त्याला खेटून आहेत. इथल्या पाट्या आयरिशमध्ये. स्वच्छतागृहावर ‘एफ’ने सुरू होणारा ‘फिर’ म्हणजे पुरुष, ‘एम’ने सुरू होणारा ‘म्नॉ’ म्हणजे बायका. इंग्रजी अक्षरावरून अंदाज बांधलात की हमखास चुकाल.

डून खीनमध्ये बेटाच्या बोटींच्या धक्क्याकडे काँक्रीटची नागमोडी वाट उतरते. गाडी वरच लावा, खाली वळवायला जागाच नाही. तिथे पालथ्या ठेवलेल्या काळ्या होड्या जवळून बघा: लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर डांबर फासलेलं कॅनव्हास. बेटाची फेरी हवामानावर चालते. ऊन असलं तरी लाटा उसळत असतील तर रद्द होते, कारण बेटाजवळ बोटीतून छोट्या रबरी होडीत उतरावं लागतं. म्हणून मुक्कामाच्या पहिल्याच दिवसाचं तिकीट काढा, म्हणजे पुढचे दिवस हाताशी राहतात.

वाटेतला कूमीनूलचा किनारा देखणा आहे, पण पोहू नका. पाणी आत ओढतं. पुढे गॅलरसचं प्रार्थनागृह मात्र चुकवू नका. चुन्याविना रचलेले दगड बाहेरच्या बाजूला किंचित कललेले आहेत, त्यामुळे पाऊस बाहेरच निथळतो.