टिश्यू एक्स्पांडर: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मॅस्टेक्टॉमीच्या, म्हणजे स्तन काढण्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळीच माझ्या छातीच्या स्नायूखाली टिश्यू एक्स्पांडर, म्हणजे सलाईनने हळूहळू फुगवून त्वचा ताणणारी पिशवी, बसवला गेला आणि कायमचे इम्प्लांट घालेपर्यंत काही महिने तो शरीरात होता. एक्स्पांडर निवडताना बहुतेक चर्चा आकार आणि पृष्ठभाग यांवर होते. माझ्या मते मात्र रोजच्या जगण्यावर सर्वाधिक परिणाम होतो तो पोर्टचा, म्हणजे सलाईन भरण्याच्या झडपेचा.

माझ्या एक्स्पांडरचा पोर्ट आतच बसवलेला, चुंबक असलेला होता. प्रत्येक भेटीत सिस्टर एक लहानसे यंत्र छातीवरून फिरवत. त्यात टांगलेला चुंबक पोर्टच्या वर येताच सरळ उभा राहतो, तेथे पेनाने खूण करून डॉक्टर बारीक सुई घालतात आणि सिरिंजने सलाईन सावकाश भरतात. शस्त्रक्रियेनंतर त्वचा बधिर झाल्याने सुई जवळपास जाणवत नसे. खरा त्रास संध्याकाळी सुरू होई: छाती आवळल्यासारखी वाटे आणि ताण खांद्यापासून पाठीपर्यंत जाई. मी डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी एका वेळी भरायचे प्रमाण कमी केले आणि फरक लगेच जाणवला. हे प्रमाण रुग्णाच्या सोसण्यानुसार ठरवता येते, ते आवर्जून विचारावे.

दुसऱ्या प्रकारात पोर्ट नळीने जोडून काखेच्या बाजूला त्वचेखाली ठेवतात. तो बोटांनीच सापडतो आणि सुई एक्स्पांडरपासून दूर राहते, ही मोठी सोय. परंतु नळी मुडपू शकते आणि तो उंचवटा ब्राच्या पट्टीखाली टोचतो, असे माझ्याच वॉर्डमधील एका ताईंनी सांगितले. बेकर प्रकारात बाहेर सिलिकॉन जेल आणि आत सलाईनचा कप्पा असतो. फुगवून झाल्यावर पोर्ट छोट्या शस्त्रक्रियेने काढतात आणि तोच इम्प्लांट म्हणून राहतो. दुसरी मोठी शस्त्रक्रिया टळते, पण अंतिम इम्प्लांट वेगळे निवडण्याची मुभा उरत नाही, म्हणून मला तो पटला नाही. सुईऐवजी रुग्णाने रिमोटने एक्स्पांडरमध्ये कार्बन डायऑक्साइड सोडण्याची एरोफॉर्म ही पद्धत अमेरिकेत 2016 मध्ये मंजूर झाली होती. 2019 मध्ये कंपनीच बंद पडली, याची खंत वाटते.

पृष्ठभागाबाबत मी ठाम आहे. जुलै 2019 मध्ये ॲलर्गन कंपनीने बायोसेल हे खरखरीत इम्प्लांट आणि एक्स्पांडर जगभरातून परत घेतले, कारण त्यांचा संबंध एका दुर्मीळ लिम्फोमाशी (लसिका संस्थेच्या कर्करोगाशी) आढळला होता. गुळगुळीत एक्स्पांडर आत फिरू नये म्हणून त्याला टाके घालण्यासाठी कडेला पट्ट्या असतात. मला तोच बसवला होता आणि तो जागचा हलला नाही.

सर्वांत गैरसोयीची बाब एमआरआयची. चुंबक असलेला एक्स्पांडर असताना एमआरआय करता येत नाही, आणि पाठदुखीच्या तपासणीसाठी मला सीटी स्कॅनवर भागवावे लागले. चुंबकाऐवजी रेडिओ लहरींनी पोर्ट शोधणाऱ्या मोटिव्हा फ्लोरा या एक्स्पांडरला अमेरिकेत 2023 मध्ये मान्यता मिळाली असून त्यासह ठरावीक अटींवर एमआरआय करता येतो. पाठीचे किंवा मेंदूचे स्कॅन पुढे लागण्याची शक्यता असेल तर शस्त्रक्रियेपूर्वीच त्याची चौकशी करावी. रेडिएशन ठरलेले असेल तर पोर्टमध्ये धातू आहे हे त्या विभागालाही आधी सांगावे, कारण मात्रेची आखणी करताना त्यांना तो लक्षात घ्यावा लागतो. एक्स्पांडरचे कार्ड मी शेवटपर्यंत पर्समध्ये ठेवले होते आणि प्रत्येक नव्या तपासणीआधी ते दाखवत असे.