बी.एड. विशेष शिक्षण (बौद्धिक अक्षमता) : नोकरीतल्या नऊ महिन्यांनंतर

पदवी घेऊन शाळेत रुजू झाले त्याला नऊ महिने झाले. प्रवेशाआधी मला जे कुणी सांगितलं नाही, ते लिहिते आहे.

आधी माझी चूक. बी.ए. नंतर मी शॅडो टीचर, म्हणजे वर्गात एका मुलाच्या शेजारी बसून त्याला मदत करणारी शिक्षिका, म्हणून काम करत होते. तेव्हा एका खासगी संस्थेचा ऑनलाइन पदव्युत्तर डिप्लोमा केला. जाहिरातीत ‘आंतरराष्ट्रीय मान्यता’ ठळक छापली होती. पहिल्याच मुलाखतीत मुख्याध्यापिका म्हणाल्या, “तुमचा सीआरआर नंबर?” म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेच्या, आरसीआयच्या नोंदवहीतला क्रमांक. १९९२ च्या कायद्यानुसार या नोंदीशिवाय विशेष शिक्षक म्हणून काम करता येत नाही, आणि त्या डिप्लोमावर ती नोंद होणारच नव्हती. पैशांपेक्षा वाया गेलेल्या वर्षाचं दुःख जास्त झालं.

दुसऱ्यांदा मात्र आरसीआयच्या संकेतस्थळावरची मंजूर कॉलेजांची यादी उघडूनच बसले. नुसतं कॉलेजचं नाव दिसलं म्हणून थांबू नका. एकाच कॉलेजात बौद्धिक अक्षमतेच्या अभ्यासक्रमाला मंजुरी असते आणि श्रवणदोषाच्या नसते. मंजुरी ठरावीक शैक्षणिक वर्षांपुरतीच असते. विद्यापीठाची संलग्नता ही वेगळी गोष्ट, तीही लागतेच. प्रवेशाच्या खिडकीवर तोंडी मिळालेल्या उत्तरावर विसंबू नका, मंजुरीचं पत्र बघायला मागा.

मग प्रश्न येतो कोणत्या शाखेचा. शहरातल्या शाळा अध्ययन अक्षमतेचे शिक्षक मागतात म्हणून माझ्या काही मैत्रिणींनी ती शाखा घेतली. दृष्टिदोष घेतलात तर ब्रेलवर हात बसायलाच हवा. मी निवड करण्याआधी तीन वेगवेगळ्या विशेष शाळांत एकेक सकाळ बसून आले, आणि कुठे बसल्यावर घड्याळाकडे बघावंसं वाटलं नाही, त्यावरून ठरवलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. सगळं एका पदवीत शिकता येत नाही.

अभ्यासक्रमाचं खरं मोल सरावपाठांत आहे. कार्य विश्लेषण, म्हणजे एखादं काम बारीक पायऱ्यांत तोडणं, परीक्षेपुरतं सगळ्यांना पाठ असतं. माझ्या वर्गात नऊ वर्षांचा एक मुलगा आहे, त्याला शर्टाची बटणं लावायला शिकवायचं होतं. मी शेवटाकडून सुरुवात केली. बटण अर्धं काजातून मी काढायची, त्याने फक्त ओढून पूर्ण करायचं. म्हणजे रोज काम संपवणारा तो. मग एकेक पायरी मागे सरकलो. सात आठवडे लागले. एके सकाळी त्याची आजी दारातच सांगू लागली, “आज मला हात लावू दिला नाही हो त्याने शर्टाला.” हे मी पुस्तकातून शिकले नाही. सरावशाळेतल्या एका बाई शेजारी बसून माझा हात मागे खेचायच्या, “थांब, त्याला करू दे,” त्यांच्याकडून शिकले. म्हणून कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत नंतर बघा. सरावशाळा कोणती आणि तिथे तुमच्यावर लक्ष कोण ठेवणार, ते आधी विचारा.

उणिवाही आहेत. आमच्या कॉलेजात फायली सजवण्यात रात्रीच्या रात्री गेल्या, आणि पालकांशी कसं बोलावं यावर जेमतेम दोन तास झाले. मूल्यमापनातून कळलेलं सत्य आईसमोर कोणत्या शब्दांत मांडायचं, हे मला अजून अवघड जातं. दहावीच्या मुलांना लेखनिक आणि जादा वेळ मिळवून देण्याची कागदपत्रं मी सहकारी शिक्षिकेकडून शिकले.

नोकरीचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२१ च्या निकालानंतर केंद्र सरकारने २०२२ मध्ये प्राथमिकला १० आणि उच्च प्राथमिकला १५ दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण ठरवलं. मी मात्र अजून कंत्राटावरच आहे. तरी नोंदणीमुळे मुलाखतीला बोलावणी येतात, पूर्वी येत नव्हती.

एम.एड. विशेष शिक्षणाबद्दल बऱ्याच जणी विचारतात. प्रशिक्षण महाविद्यालयात शिकवायचं असेल तर ते करावं. मी अजून दोन वर्षं तरी वर्गातच राहणार आहे. त्या मुलाला आता बुटाची नाडी शिकायची आहे.