पोलो जीटी टीएसआयचे टायर: नावाआधी तारीख बघा

फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय आता जुन्या गाड्यांत मोडते. २०१३ मध्ये ती आली तेव्हा १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ पीएस ताकद, १७५ न्यूटन मीटर टॉर्क आणि सात गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) हे हॅचबॅकमध्ये अप्रूपच होतं. इंजिन अजूनही तेवढाच जोर काढतं, पण तो रस्त्यापर्यंत पोचवायचं काम टायरचं. पावसात सिग्नलवरून निघताना ट्रॅक्शनचा दिवा वरचेवर लुकलुकत असेल तर नक्षी कितीही शिल्लक असो, रबर कडक झालंय असं समजावं. नख दाबून बघा. ताज्या रबरात ते थोडं रुततं, म्हाताऱ्या टायरवर घसरतं.

आपल्याकडे हे म्हातारपण लवकर येतं. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो, डांबर त्याहून बरंच तापतं आणि गाडी दिवसभर उघड्यावर उभी असते. बहुतेक कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासायला सांगतात आणि दहा वर्षांना काढून टाकायला. खान्देशच्या उन्हात दहाचा आकडा विसरा. सहाव्या वर्षी नक्षीच्या खाचेच्या तळाशी केसासारख्या चिरा दिसल्या की टायर बदला. कायद्याने नक्षी १.६ मिलिमीटर चालते, पण पावसाळ्यात या गाडीला ३ च्या खाली उतरू देऊ नये.

आधी माप

मूळ माप १८५/६० आर१५, ८४एच. १८५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ६० म्हणजे बगलेची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची रुंदीच्या ६० टक्के, १५ हा रिमचा इंचातला व्यास. ८४ म्हणजे एका टायरवर ५०० किलो, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर. कंपनीकडूनच १६ इंची चाकं लावून आलेल्या नंतरच्या जीटीचं गणित वेगळं, ते इथे घेतलेलं नाही.

लहान गावातल्या दुकानात हे माप नसलं की पुढे येतो १८५/६५. तो सेडान गाड्यांना लागतो, म्हणून त्याचा साठा नेहमी असतो. दुकानदार म्हणतो, "पासष्ट टाकी ल्या भो, काहीच फरक पडस नही." फरक पडतो. मूळ टायरचा व्यास ६०३ मिलिमीटर, पासष्टचा ६२१, म्हणजे तीन टक्के जास्त. मीटरवर १०० दिसत असताना चाक आधीपेक्षा तीन किलोमीटर जास्त धावतं, गिअर लांब झाल्यासारखे वाटतात आणि बगल नऊ मिलिमीटरने उंच झाल्याने वळणावर गाडी आधी कलते, मग वळते. ज्या गाडीची मजाच वळणात आहे तिला हे कशाला?

रुंद टायर हवाच असेल तर दोन माप विचारात घ्या. १९५/५५ आर१५ चा व्यास ५९५, मूळपेक्षा सव्वा टक्का कमी. स्टीअरिंग चटकन उत्तर देतं, घाटात आवडेल असं माप आहे, पण गाडी जवळपास ४ मिलिमीटर खाली बसते. १९५/६० आर१५ दोन टक्के मोठा, गाडी ६ मिलिमीटर वर उचलतो आणि खड्डे बरे सोसतो. दोन्ही मूळ ६ इंच रुंद रिमवर बसतात. १६ इंची मॅगव्हील (अलॉय चाकं) आणि ५०ची बगल इथे नको. काळ्या मातीवरचा रस्ता पावसाळ्यात खचतो, खड्ड्याच्या कडा धारदार राहतात आणि बगलेत दोरा तुटून फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो काढायचाच.

चार टायर, मूळ मापात

कॉन्टिनेन्टल यूसी६ आमची पहिली पसंती. ओल्या रस्त्यावर ब्रेक लावल्यावर भरवसा वाटतो, कन्नड घाटाच्या उतरणीवर पुढची बाजू रेषा सोडत नाही. किंमत मोजावी लागते ती झिजण्यात, कारण रबर मऊ आहे. ज्यांचा पाय जड आहे त्यांनी पुढची जोडी लवकर बदलायची तयारी ठेवावी.

मिशेलिन एनर्जी एक्सएम२ प्लस टिकतो आणि शांत चालतो. धुळे-जळगाव-भुसावळ हायवेवर रोजचं येणं-जाणं असेल तर हाच घ्या. बगल नरम असल्याने तोरणमाळच्या सातपायरी घाटात मात्र स्टीअरिंग क्षणभर उशिरा बोलतं.

योकोहामा अर्थ-वन नवा असताना छान, मऊ आणि शांत. झिजत गेला की आवाज वाढतो. अपोलो अल्नॅक ४जी पैशाच्या मानाने पकड चांगली देतो, खडबडीत रस्त्यावर थोडा कडक वाटतो. बजेट आखडतं असेल तर नाव मोठं पण माल जुना घेण्यापेक्षा ताजा अल्नॅक केव्हाही बरा.

आणि इथेच खरी मेख आहे. बगलेवर डॉट या अक्षरांपुढे शेवटी चार आकडे असतात. ३५२५ म्हणजे २०२५ चा ३५ वा आठवडा. जे माप कमी खपतं ते गोदामात पडून राहतं, आणि आपल्याकडची गोदामं म्हणजे पत्र्याची शेड. सहा महिन्यांपर्यंतचा माल घ्या, वर्षाच्या वरचा परत करा. हा शिक्का एकाच बगलेवर पूर्ण असतो, म्हणून टायर चढवण्याआधी चारही उलटून बघा. चढवल्यावर तारीख आतल्या बाजूला गेली की वाद घालून उपयोग नाही. पक्कं बिल घ्या, त्यावर चारही टायरचे सिरियल नंबर लिहून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवर जीएसटी २८ ऐवजी १८ टक्के आहे. कोणी जुन्या छापील किमतीवरून भाव सांगत असेल तर तिथेच थांबवा.

चढवताना

टायरचं अर्धं आयुष्य दुकानात ठरतं. जुना सेट आतल्या कडेने जास्त झिजला असेल तर आधी लोअर आर्मचे बुश, टाय रॉड एंड आणि स्ट्रटचे माउंट हे सस्पेन्शन-स्टीअरिंगचे सांधे तपासा. हे ढिले ठेवून केलेलं अलाइनमेंट महिनाभरात बिघडतं. नक्षीवरून तळहात आतून बाहेर आणि बाहेरून आत फिरवा. एका दिशेला करवतीसारखं टोचलं तर टो (वरून बघता चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) बिघडलेला आहे. या गाडीत पुढचा टो जुळवता येतो, मागचा एक्सल सलग आहे, त्याला जुळवायची सोयच नाही. "चारही चाकांचं अलाइनमेंट" म्हणून जादा पैसे मागितले तर मागे नेमकं काय फिरवलं ते विचारा.

दहा-बारा वर्षांच्या मॅगव्हीलच्या कडेला, जिथे टायर बसतो तिथे, पांढरी बुरशीसारखी गंज धरते. ती तारेच्या ब्रशने घासून काढली नाही तर नव्या टायरची हवा आठवड्याला दोन-तीन पीएसआय उतरत राहते आणि पंक्चर काही सापडत नाही. रबरी व्हॉल्व्ह चारही नवे टाका, पैसे किरकोळ लागतात. टायरवर पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हसमोर यावा. तो टायरचा हलका भाग असतो, त्यामुळे बॅलन्सिंगला वजन कमी लागतं. एका चाकाला साठ ग्रॅमच्या वर चिकटवावं लागत असेल तर टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून परत बसवायला सांगा. ज्या टायरवर आउटसाइड कोरलंय ती बाजू बाहेरच हवी. घाईत एखादा उलटा बसतोच.

दोनच टायर घेत असाल तर नवी जोडी मागे. दुकानदार हमखास पुढे लावतो, कारण गाडी पुढच्या चाकांवर ओढते. पण साचलेल्या पाण्यात पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते, पाय उचलला की सावरते. मागची सुटली तर गाडी गरकन फिरते.

फोक्सवॅगनला नट नसून बोल्ट असतात, ते १२० न्यूटन मीटरला आवळायचे. बहुतेक ठिकाणी हवेच्या गनने ठोकतात. मग रात्री रस्त्यात स्टेपनी बदलायची वेळ आली की डिकीतल्या पान्यावर उभं राहिलं तरी बोल्ट हलत नाही. टॉर्क पाना नसलेल्या दुकानात निदान शेवटचा आवळा हाताने द्यायला लावा आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर परत तपासा.

हवा पेट्रोलच्या झाकणामागच्या स्टिकरप्रमाणे, सकाळी गार टायरमध्ये. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की दाब साधारण एक पीएसआय वाढतो. दुपारी तीनला हायवेवरून आल्यावर ३८ दिसले म्हणून हवा सोडली तर सकाळी गाडी कमी हवेवर निघते, कडा खाते आणि जास्त तापते. उन्हाळ्यात टायर फुटतात त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. नायट्रोजन फुकट मिळाला तर घ्या, त्यासाठी वाट वाकडी करू नका.

पावसाळ्यात यावल-रावेरकडे केळीच्या ट्रॅक्टरने रस्त्यावर आणलेली काळी माती रिमच्या आत चिकटून वाळते आणि ऐंशीला स्टीअरिंग थरथरायला लागतं. लोक बॅलन्सिंगला धावतात. आधी चाकाची आतली बाजू पाण्याच्या जोराने धुऊन घ्या.

नव्या टायरवर साच्यातला बुळबुळीत थर असतो. पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर घाटात हौस करू नका. आणि चार नवे घेतले म्हणून स्टेपनी विसरू नका. ती गाडीबरोबर आलेलीच असते, नक्षी कोरी करकरीत आणि तारीख गाडीच्याच वयाची.