शेतासाठी जाडजूड घडीचा चाकू घ्यावा का? 14 महिने वापरून लिहितोय

मोठा, जड, पाकिटावर हेवी ड्यूटी लिहिलेला घडीचा चाकू घेऊ का नको, असं गावातल्या दोघा-तिघांनी मला विचारलं, कारण माझ्या कमरेला तो वर्षभर दिसायलाय. दरवेळी तोंडी सांगण्यापेक्षा म्हणलं एकदा सगळं लिहूनच टाकतो.

आमचं शेत अंबड तालुक्यात, कापूस आणि मोसंबी, सगळं ठिबकवर. त्यामुळं चाकू लागतो म्हणजे दिवसातून दहा वेळा लागतो. 16 एमएमची नळी काप, खताच्या गोणीची शिलाई तोड, सुतळी काप, मोटरच्या केबलचं रबर सोल (आधी स्टार्टर बंद करून, हे सांगायलाच पाहिजे), पाइपाच्या जोडणीवरचं वाळलेलं सोल्युशन (चिकटवायचा डिंक) खरवड, आणि दुपारी दोन मोसंब्या चिरून खा. आधी नानांचा चाकू वापरायचो. घिसाड्याकडून ट्रकच्या कमानपाट्याचा करून घेतलेला, लाकडी मुठीचा, सरळ पात्याचा. त्याला घडीच नाही त्यामुळं मोडायचं नाव नाही, पण मोटरसायकलवर जाताना उघडं पातं ठेवायचं कुठं, म्हणून घडीचा बघायला लागलो.

मी घेतला तो ऑनलाइन, 3400 रुपयांना. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जे झालं त्यात माझ्या वापराचाही भाग आहे आणि तसलेच दहा चाकू दहा नावांनी मिळतात. पातं साडेनऊ सेंटीमीटर, पाठीला 4 मिलिमीटर जाड, डी2 पोलाद, लायनर लॉक, वजन किराणा दुकानातल्या काट्यावर 228 ग्रॅम. हातात घेतला की वाटतं ह्याच्यानं काहीही कापंल. आणि इथंच पहिली फसगत होती, जड म्हणजे मजबूत आणि जाड म्हणजे चांगला कापणारा असं नसतंय. मोसंबी चिरायला गेलं की 4 मिलिमीटरचं पातं पाचरीसारखं घुसतं, फोड कापली जात नाही, फाटती, रस हातावर. ठिबकची नळी कापताना ती आधी दबून चपटी होती मग तुटती, आणि कड तिरकी झाली की जॉइनर नीट बसत नाही, पाणी गळतं. नानांच्या पाट्याच्या चाकूचं पातं दीड-दोन मिलिमीटरचं होतं आणि ते लोण्यासारखं चालायचं. धार किती लावली ह्याच्याइतकंच धारेच्या मागचं पोलाद किती पातळ आहे ह्यावर कापणं ठरतं, हे मला पैसे देऊन कळलं.

आता लॉकचं सांगतो, कारण घडीच्या चाकूत खरं बघायचं असतं ते हेच. लायनर लॉक म्हणजे मुठीच्या आत स्प्रिंगसारखी एक पोलादी पट्टी असती, पातं पूर्ण उघडलं की ती बाजूला सरकून पात्याच्या बुडामागं येऊन टेकती. पट्टी पूर्ण आत आली तर लॉक पक्कं, नुसती कडेला टेकली तर ते लॉक नावापुरतंच. आपली काळी माती कशी असती माहिती आहे, उन्हाळ्यात पिठासारखी बारीक आणि जरा घाम लागला की चिकट. माझ्या चाकूच्या मुठीत ही माती, खिशातला धागा आणि तेल मिळून एक काळा थर बसला होता आणि मला पत्ता नाही, कारण बाहेरून सगळं चकाचक. गेल्या जूनमध्ये सबमेनच्या पाइपाला (ज्याच्यातून ठिबकच्या नळ्यांना पाणी जातं) ग्रोमेटसाठी, म्हणजे नळी बसवायच्या रबरी कडीसाठी, पाडलेल्या छिद्राची कड टोकानं साफ करत होतो, टोक आत घालून मनगट पिळलं आणि पातं खटकन माझ्याच बोटांवर मिटलं. पहिल्या बोटाच्या मधल्या पेराला चार टाके पडले. नानांनी फडकं बांधलं आणि एवढंच म्हणले, "टोचायच्या कामाला घडीचा चाकू धरू नको रे." बरोबरच आहे, टोक अडकलं आणि पाठीकडून जोर आला की तो सगळा जोर लॉकवरच जातो.

बोट बरं झाल्यावर चाकू उघडून बघितला तर पट्टी पात्यामागं जेमतेम केसाएवढी येत होती. जुन्या टूथब्रशनं आणि थोड्या रॉकेलनं धुतला, वाळवला, बिजागरीच्या खिळ्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाकला, मग पट्टी पुन्हा पूर्ण आत यायला लागली. म्हणजे चाकू वाईट होता असं मी म्हणणार नाही. पण हे लॉक धूळमातीच्या कामाचं नाही असं मात्र ठाम म्हणतो, आणि हे विकताना कुणी सांगत नाही.

मधल्या काळात नांदेडला बहिणीकडं गेलो होतो. तिथं हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या आसपास किरपाण-तलवारींची दुकानं आहेत, त्यातल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराला माझा चाकू दाखवला. त्यांनी तो कानाजवळ नेऊन उघडला, आवाज ऐकला, मग उघड्या पात्याची पाठ दोन बोटांत धरून डावीकडं-उजवीकडं, नंतर वर-खाली हलवून बघितलं. म्हणले, "भाऊ, बाजूला हलला तर स्क्रू आवळून भागतं, वर-खाली हलला तर लॉक गेलं समजा." नवा चाकू घेताना मी आता पहिलं हेच करतो. पात्याची पाठ हातानं दाबून बघा, फरशीवर आपटून बघू नका, त्यानं चांगलं लॉकही खराब होतं.

पोलादाबद्दल थोडं लिहितो, कारण लोक डी2 नाव वाचून पैसे देतात. आपलं जालना सळईचं गाव, लोखंडाला तोटा नाही, पण सळईत कार्बन असतो पाव टक्क्याच्या आसपास, तिला तापवून कितीही पाणी द्या, ती धार धरण्याएवढी कडक होत नाही. डी2 मध्ये कार्बन दीड टक्का आणि क्रोमियम साधारण 12 टक्के. त्यामुळं धार लई दिवस टिकती, माझ्याकडं गोण्या आणि नळ्या कापून महिना-दीड महिना सहज. पण एकदा गेली की साध्या निसण्यावर तास तास घासावं लागतं, आणि ते पूर्ण स्टेनलेसही नाही, मोसंबीचा रस तसाच राहिला तर सकाळी तांबूस ठिपके दिसतात. कंटाळून मी एकदा बाजारात चाकवाल्याकडं दिला. त्यानं सुक्या चाकावर धरला, ठिणग्या उडाल्या, आणि टोकाजवळ निळसर डाग पडला. निळा डाग पडला म्हणजे तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं. तेवढी जागा आता आठवड्यात बोथट होती. चाकावर द्यायचाच असेल तर उभं राहा आणि दर दोन घाशांना पाण्यात बुडवायला लावा.

मग घ्यायचा कोणता? तुम्हाला खरंच दणकट पाहिजे असेल, मोटर, बोअर, ट्रॅक्टरची कामं तुमच्या हातानं होत असतील, तर लॉकबॅक घ्या. त्यात मुठीच्या पाठीकडून एक दांडी पात्याच्या खाचेत बसती, खाच वरून दिसती, काडीनं साफ करता येती, आणि बंद करताना अंगठा पात्याच्या वाटेत येत नाही. ह्या जातीतला सगळ्यात गाजलेला म्हणजे अमेरिकेतला बक 110, 1964 पासून बनतोय, पातं पावणेचार इंच, पितळी टोपणं, वजन 200 ग्रॅमच्या आसपास, आणि तो खिशात नाही, पट्ट्याला चामड्याच्या म्यानात. माझ्या साडूंकडं आहे, घट्टपणा बघून मन भरतं. पण किंमत आपल्याकडं येईपर्यंत एवढी होती की बांधावर हरवला तर झोप येणार नाही.

ज्यांचं काम गोणी, सुतळी, नळी आणि फळ एवढंच आहे, आणि खरं तर आपल्यातल्या बहुतेकांचं तेवढंच असतं, त्यांनी जडच्या मागं लागूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. मी दिवाळीनंतर फ्रान्सचा ओपिनेल नंबर 8 घेतला. बीचच्या लाकडाची गोल मूठ, साडेआठ सेंटीमीटर पातळ पातं, सगळं मिळून जेमतेम 45 ग्रॅम. लॉक म्हणजे मानेवर एक पोलादी कडी, अंगठ्यानं फिरवली की पातं अडतं, ही कडी त्यांनी 1955 मध्ये काढली. त्यात पट्टी नाही, स्प्रिंग नाही, माती गेली तर फुंकर मारायची. कार्बनवाला घेतला तर मोसंबीनं पातं काळं पडतं, ते पुसून तेलाचं बोट फिरवायची सवय ठेवा, नाहीतर सरळ स्टेनलेस घ्या. पावसात लाकूड फुगून पातं उघडायला घट्ट होतं, एवढं मात्र धरून चालायचं. निसण्यावर पाच मिनिटात धार येती आणि मोसंबी कशी चिरली जाती ते एकदा बघाच.

कायद्याचंही बघून घ्या. शस्त्र नियमांत 9 इंचापेक्षा लांब किंवा 2 इंचापेक्षा रुंद पात्याच्या हत्यारांचा उल्लेख आहे, शेतीची-घरची अवजारं त्यातून वगळलेली आहेत, त्यामुळं असा चाकू शेतात वापरायला अडचण नाही. पण सणावाराला, निवडणुकीला महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 चे मनाई आदेश निघतात तेव्हा सोबत चाकू बाळगणं अंगाशी येऊ शकतं. माळेगावच्या यात्रेला, तुळजापूरला जाताना घरीच ठेवा. बटण दाबून उघडणारा तर कुणी फुकट दिला तरी घेऊ नका.

माझा जडवाला आता ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये असतो, खरवडायला आणि जाड नायलॉनचा दोर कापायला, आणि त्या कामाला तो खरंच चांगला आहे. दर रविवारी उघडून पट्टी किती आत येती ते बघतो. नाना अजून त्यांचा पाट्याचाच वापरतात, फक्त आता मी त्याला जुन्या टायरच्या ट्यूबचं म्यान शिवून दिलंय.