दिवाळीचे फटाके: घरचं अंगण, गच्ची की सोसायटीचं मैदान?

दिवाळी जवळ आली की घरात दोन पार्ट्या पडतातच. एक म्हणते आपल्याच अंगणात उडवू, पोरं डोळ्यांसमोर राहतील, दुसरी म्हणते सगळ्यांनी वर्गणी काढून मैदानावर करू, आणि मध्येच कुणीतरी काका उठून म्हणतात गच्चीवर चला की, वरून मस्त दिसेल. तिन्हीचा हिशोब मांडतोय. घाई असेल त्यांच्यासाठी माझं मत आधीच सांगून टाकतो: जमिनीवरचे फटाके अंगणात, हवेत जाणारे मैदानावर, आणि गच्चीवर फक्त पणत्या आणि आकाशकंदील.

पहिलं काम म्हणजे फटाके आणायच्या आधी टेप घेऊन अंगण मोजायचं. आपण उलटं करतो, आधी पिशव्या भरून आणतो आणि मग कुठे उडवायचं बघतो. मापाला आधार हवा असेल तर इंग्लंडातली पद्धत बघा, तिकडे खोक्यावरच फटाक्याचा वर्ग छापलेला असतो, त्यातल्या छोट्या बागेसाठीच्या वर्गाला बघणारे कमीत कमी ८ मीटर लांब हवेत आणि मोठ्या वर्गाला २५ मीटर. (तिथल्या आपल्या मंडळींना दिवाळीच्या रात्री १ वाजेपर्यंत फटाके उडवायला मुभा आहे, हे इथल्या लोकांना सांगितलं की सगळ्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.) आता ८ मीटर म्हणजे २६ फूट झाले. साध्या रो हाऊसच्या पुढे दहा-पंधरा फूट जागा, त्यात गाडी, स्कूटर, तुळशीवृंदावन आणि कुंड्या, म्हणजे हवेत जाणाऱ्या मालाचा प्रश्न तिथेच मिटला. २५ मीटर तर ८२ फूट होतात, तेवढं अंगण गावाकडच्या वाड्याला किंवा शेतातल्या घराला असेल तर गोष्ट वेगळी, पण तिथे मग कडबा, गवताची गंज आणि गोठा कुठे आहे ते बघावं लागतं.

अंगणाची जमेची बाजू म्हणजे माणसं मोजकी आणि सगळी ऐकणारी. नळ जवळ, दार जवळ, आजीला खुर्ची टाकून व्हरांड्यात बसवता येतं, कुत्र्याला आतल्या खोलीत टीव्ही लावून कोंडता येतं. फुलबाज्या, भुईचक्र, भुईनळे एवढ्यावर अर्धा तास आरामात जातो आणि लहान पोरांना खरी मजा त्यातच असते, आकाशातलं ती दोन मिनिटं बघतात आणि परत फुलबाजी मागतात.

पण हे फटाके 'साधे' समजून चालत नाही हां. फुलबाजीचं टोक हजार अंशांच्या आसपास तापलेलं असतं आणि विझलेली तारही बराच वेळ चटका देते, अंधारात कुणीतरी अनवाणी तिच्यावर पाय देतंच, म्हणून पाण्याची एक बादली फक्त तारा टाकायला वेगळी ठेवायची आणि पोरांच्या पायात चपला नाही, बूट घालायचे. आणि भुईनळ्याचा खरा धोका तो पेटत नाही तेव्हा असतो. वात फुरफुरते, विझल्यासारखी वाटते, दोन क्षण काहीच होत नाही आणि मग कुणीतरी वाकून बघायला जातो, नेमका तेव्हा तो तोंडावर येतो. भुईनळा सपाट फरशीवर ठेवायचा, मातीत कलता नको, वरचा कागद आधीच काढून घ्यायचा, लांब काठीच्या टोकाला उदबत्ती बांधायची, हात लांब, अंग तिरकं, तोंड बाजूला, आणि वातीने ठिणगी धरली की मागे. नाही पेटला तर वीस मिनिटं त्याच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही, नंतर लांबूनच बादलीभर पाणी ओतायचं. परत पेटवायचा नाही, अजिबात नाही, त्या एका नळ्याचे पैसे गेले तर गेले.

मैदानाकडे वळू. रॉकेट आणि शॉट्स यांना जागा इथेच. बाटलीत रॉकेट ठेवायची आपली जुनी सवय आहे पण बाटली हलकी, कलंडली की बाण समोरच्याच्या बाल्कनीत. त्यापेक्षा वाळूने भरलेल्या बादलीत प्लॅस्टिक पाइपचा तुकडा उभा रोवायचा आणि काडी त्यात सैल सोडायची. शॉट्सचं खोकं मात्र सगळ्यात जास्त लक्ष मागतं. प्रत्येक शॉट वर जाताना खोक्याला खाली आणि बाजूला दणका देतो, दहा-बारा शॉट झाले की हलकं खोकं सरकायला लागतं, आणि एकदा का आडवं झालं की उरलेले शॉट गुडघ्याच्या उंचीने सुटतात आणि थांबवायचं कुठलंही बटण नसतं. म्हणून घमेल्यात वाळू घेऊन खोकं त्यात अर्धं पुरायचं किंवा चारही बाजूंनी विटा घट्ट लावायच्या, आणि वारा ज्या बाजूला वाहतोय त्या बाजूला माणसं उभी करायची नाहीत. एवढी तयारी करायचा कंटाळा असेल तर शॉट्स आणूच नका, खरंच.

मैदानाची अडचण फटाक्यांत नाही, माणसांत आहे. वर्गणीतून माल चांगला येतो, सोसायटीचं फायर एक्स्टिंग्विशर आणि पाइप हाताशी असतो, वॉचमन गाड्या लांब लावून घेतो, हे सगळं खरं, पण दहा मिनिटांनी प्रत्येक घरातून आपापली पिशवी खाली येते आणि पाच ठिकाणी पाच जण एकाच वेळी पेटवायला लागतात. तिकडून सुतळी बॉम्ब, इकडून चक्र, मधून धावणारी पोरं. तुमच्या सोसायटीत एकच टोळी पेटवेल, बाकीचे दोरीच्या मागे बसतील, हे पाळलं जाणार असेल तर मैदान अंगणापेक्षा चांगलं. नसेल तर डोळे झाकून अंगण. आणि पार्किंग म्हणजे मैदान नव्हे, पेट्रोल आणि सीएनजीच्या गाड्यांमध्ये ठिणगी उडवायला कुणी 'जरा फक्त एक' म्हणालं तरी नाही म्हणायचं.

गच्चीबद्दल फार लिहीत नाही. पाण्याच्या प्लॅस्टिक टाक्या, सोलर, वाळत घातलेल्या गोधड्या, वर वारा जास्त आणि काही झालं तर उतरायला एकच जिना, त्याच्या तोंडाशी सगळे मोबाइल घेऊन उभे. शिवाय तुमचं रॉकेट कुठे उतरलं ते तुम्हाला दिसत नाही, खालच्यांना दिसतं.

वेळेचं गणित तिन्ही जागांना सारखंच. २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशात दिवाळीला रात्री ८ ते १० आणि तेही ग्रीन म्हणजे कमी धुराचे फटाके, माळांना बंदी, असं होतं, २०२३ ला मुंबईसाठी उच्च न्यायालयानेही ८ ते १० च सांगितलं. आपल्या गावात यंदा काय आहे ते पोलिसांच्या किंवा पालिकेच्या सूचनेत बघून घ्या. अभ्यंगस्नानानंतर पहाटे पाचला बार उडवायची हौस असते बऱ्याच घरांत, पण रात्री १० ते सकाळी ६ आवाजाचे फटाके चालत नाहीत, आणि दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्यापासून १०० मीटरच्या आत कधीच नाहीत. पहाटेला फुलबाज्या ठेवा.

खरेदीत परवान्याचा स्टॉल बघा आणि खोक्यावर ग्रीनचा लोगो आणि क्यूआर कोड आहे का ते तपासा. हे ग्रीन फटाके नागपूरच्या नीरी या सरकारी संशोधन संस्थेने विकसित केलेत, धूर साधारण ३० टक्के कमी. पण ग्रीन म्हणजे थंड असा बऱ्याच जणांचा समज झालाय तो काढून टाका, हाताला तेवढंच भाजतं. आवाजाची मर्यादा ४ मीटरवर १२५ डेसिबल आहे, म्हणजे तीही काही कानाला गोंजारणारी नाही, तान्हं बाळ असेल तर आवाजाचे आणूच नका.

जागा कुठलीही निवडा, पेटवणारा एकच आणि त्याने पिलेली नसावी. अंगावर सुती कपडे, ओढणी-पदर खोचलेला, डोळ्याला साधा गॉगल असला तरी चालेल. दोन बादल्या पाणी, एक वाळू, एक टॉर्च. भाजलं तर वाहत्या साध्या पाण्याखाली पूर्ण २० मिनिटं, टूथपेस्ट, हळद, बर्फ काही लावायचं नाही, आणि अंगठी-बांगडी सूज यायच्या आत काढायची. डोळ्यात काही गेलं तर चोळायचं नाही, दाबायचं नाही, वरून कागदी कपासारखं काहीतरी हलकं झाकून थेट डोळ्याचा डॉक्टर. दिवाळीत कुठला दवाखाना रात्री उघडा आहे ते दुपारीच फोन करून विचारून ठेवा, अँब्युलन्सला १०८ आहेच.

कचरा त्याच रात्री झाडून प्लॅस्टिकच्या डब्यात भरू नका, त्यात अर्धवट जळलेलं काहीतरी असतंच. सगळं बादलीत रात्रभर भिजत ठेवायचं, सकाळी पाणी काढून वेगळ्या पिशवीत बांधायचं आणि घंटागाडीवाल्या दादांना आत काय आहे ते सांगून द्यायचं.